महाप्याच्या गाळ्यातलं महायुद्ध

दुसरं महायुद्ध आम्ही आठ-दहा बायकांनी महाप्याच्या एका गाळ्यात बसून जिंकलं. जेवणाची सुट्टी धरून. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हटलंय, पण तोंडाने कुणाला सांगितलं नाही. तोंडाने सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. सून दिवाळी अंक आणते, त्यात पोस्टातले, पोलिसातले, बँकेतले लोक आपापल्या नोकरीच्या गोष्टी लिहितात. ते वाचून मलाही हुक्की आली. माझी शाळा चौथीपर्यंतची. तेव्हा हे छापायला नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवायला आहे. तिथे कुणी बघत नाही. मीसुद्धा फार बघत नाही.

आमच्या गाळ्यात शिपाई बनायचे. बोटाएवढे, धातूचे. परदेशात म्हणे मोठमोठी माणसं असे शिपाई जमवतात, काचेच्या कपाटात लढाया मांडतात आणि नातवंडांनी हात लावला तर ओरडतात. आमचे मालक प्रधानसाहेब. त्यांना या युद्धाचं वेडच होतं. धंदा वेडापायी काढला की धंद्यापायी वेड लागलं, ते त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

काम असं. लोखंडी कढईत धातू वितळवायचा, तो रबरी साच्यात ओतायचा. साचा उघडला की शिपाई निघतो, पण त्याच्या काखेत, टोपीला, बुटाला पापुद्रे असतात, करंजीची कड फुटावी तसे. ते कानशीने घासायचे. मग अस्तराचा रंग. मग आमच्या टेबलावर. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर मेणाने शिपाई उभा चिकटवायचा, म्हणजे त्याला हात न लावता फिरवता येतो. आधी कपडे, मग पट्टे, बटणं, बूट, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंडात सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्याचा ठिपका केसभर सरकला की शिपाई चकणा. माझे पहिले दोन ट्रे सगळे चकणे झाले होते. साहेबांनी ते बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मंदाताई, या पलटणीने बंदूक झाडली तर आपलीच माणसं मरतील."

एक नियम मात्र पक्का होता. समोर नमुना ठेवलेला असायचा, पूर्ण रंगवलेला एक शिपाई. त्याच्याकडे बघायचं आणि तसंच उतरवायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. साहेब भिंतीकडे बोट दाखवायचे, तिथे त्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : नमुना म्हणजे देव. मला हा नियम फार आवडला. डोकं चालवायचं नाही म्हटल्यावर मी इतर बायकांच्या बरोबरीला आले. माझा हात बसला आणि साहेबांनी मला तोंडांवर घेतलं. म्हणजे अंगं बाकीच्यांनी करायची, तोंडं मी. आमचे हे कोपरखैरण्याच्या सोसायटीत सांगत फिरायचे, "आमची मिलिटरीत आहे." लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी लगबगीने जिना चढायचे, कुणी पुढचं विचारू नये म्हणून.

गाळ्यात दोन मोठी टेबलं होती. एका टेबलावर राखाडी, पांढरा, मातकट, असे थंडीचे रंग. दुसऱ्यावर हिरवा, पिवळट, चिखलाचा. पहिलं माझं, दुसरं पुष्पाचं. पुष्पा घणसोली गावातली, आगरी, आणि मी जितकी गप्प तितकी ती बोलकी. दोघींच्यात मिळून सरासरी बरी पडायची.

आता मोठी कबुली द्यायची तर ही की पुष्कळ वर्षं मला वाटत होतं ही दोन वेगळी युद्धं आहेत. एक बर्फातलं, एक जंगलातलं. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून साहेबांना विचारलं, "साहेब, आमचं युद्ध आधी झालं की पुष्पाचं?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "मंदाताई, एकच युद्ध आहे ते!"

"मग दोन टेबलं का?"

"कारण ते दोन बाजूंनी चाललं होतं. जगाच्या दोन टोकांना. एकाच वेळी!"

पुष्पा म्हणाली, "बघ, मी सांगत व्हते ना तुला, तुजा न माजा दुश्मन एकच हाय." तिने असं कधीच सांगितलं नव्हतं.

मग साहेबांनी टेबलावर बिस्किटं मांडून सगळं सांगितलं. मला कळलं ते असं. जर्मनीच्या त्या चौकोनी मिशीवाल्याने शेजाऱ्यांची घरं एकेक करून बळकावली. समुद्रापलीकडचे इंग्रज तेवढे तग धरून राहिले. मग त्याने रशियाच्या बर्फात पाय घातला आणि तो पाय त्याला परत काढता आला नाही. दुसऱ्या टोकाला जपानने अमेरिकेच्या बंदरावर विमानं घातली, आणि अमेरिका दोन्ही टेबलांवर आली. दोन्ही शेगड्यांवर एकदम दूध उतू जायला लागलं तर बाई काय करते? एकीखालचा जाळ कमी करते आणि आधी मोठ्या पातेल्याकडे बघते. तसंच त्यांनी ठरवलं. आधी जर्मनी, तोवर जपानला नुसतं धरून ठेवायचं. साहेबांना माझं दुधाचं उदाहरण इतकं आवडलं की ते पुढे त्यांनी स्वतःचं म्हणून सांगायला सुरुवात केली.

जिंकलं कोण आणि का, ते मला साहेबांच्या बिस्किटांपेक्षा आमच्या ऑर्डरींवरून जास्त कळलं. जर्मनीची ऑर्डर आली की घोडे असायचे. मला नवल वाटायचं, एवढे कडक कपडे, एवढे रणगाडे, आणि सामान ओढायला घोडे? साहेब म्हणाले, खरंच होते. जिंकणाऱ्यांची ऑर्डर आली की ट्रकच ट्रक. अमेरिकेचे ट्रक, अमेरिकेने रशियाला दिलेले ट्रक, जहाजं, बोटी, डबे, पिंपं. ट्रक रंगवायला मला मुळीच आवडायचं नाही, ट्रकला तोंड नसतं. कंटाळून मी मनात म्हणायचे, हे हरले असते तर बरं झालं असतं, घोडे तरी आले असते वाट्याला. एवढी माझी राजकारणाची समज.

शेवटच्या दोन बॉम्बची ऑर्डर मात्र कधी आली नाही. पुष्पाने विचारलं होतं, "जपानमधली ती दोन शहरं कोनी मागवत नाय का?" साहेबांनी ऑर्डरींची वही मिटली. मग म्हणाले, "तिथे रंगवण्यासारखं काही उरलं नव्हतं, पुष्पाताई." त्या दिवशी पुष्पासुद्धा गप्प राहिली. आमची सरासरी पहिल्यांदाच बिघडली.

युद्ध संपत आल्यावर जिंकणाऱ्यांचे तीन पुढारी खुर्च्या टाकून बसले होते, त्यांचाही एक संच असायचा. एक जाडा चिरूटवाला, एक मांडीवर शाल घेतलेला आजारी, एक भरघोस मिशांचा. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. थेट मुलगी बघायला आल्यासारखे बसलेले. तिघेही हसतायत, पण डोळे पोह्यांच्या बशीवर, म्हणजे जमिनीच्या नकाशावर. झालंही तसंच. जिंकल्याबरोबर वाटण्या. जर्मनीच्या राजधानीचेसुद्धा तुकडे, भावाभावांत घर वाटून घ्यावं तसे, आणि पुढे मधे भिंत. मग अमेरिका आणि रशियाचं बोलणंच बंद. साहेब सांगायचे, या युद्धाने इंग्रजांची कंबर मोडली, म्हणून त्यांना इथूनही जावं लागलं. मी तोवर चिरूटवाल्याचे गाल जरा जास्त गुलाबी करायचे. ते कळल्यावर बेताचे करायला लागले.

गिऱ्हाइकं सगळी परदेशातली आणि पत्राने बोलणारी, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. फक्त एकदा एक गोरे गृहस्थ स्वतः आले. उंच, म्हातारे, खिशात भिंग. त्यांनी भिंगातून एका रशियन शिपायाचं तोंड बघितलं, परत बघितलं आणि साहेबांना विचारलं, हे कुणाचं काम? साहेबांनी अभिमानाने मागे वळून बघितलं तर माझी खुर्ची रिकामी. मी साच्यांच्या रॅकमागे जाऊन उभी होते, पोटाशी रबरी साचा धरून, चोर धान्याच्या कोठीमागे लपतो तशी. पुष्पाने वेळ ओळखली. पदर सारखा केला आणि पुढे झाली. "मी. मीच केलाय." गृहस्थांनी तिच्याशी हात मिळवला, तिच्याबरोबर फोटो काढला. तो फोटो घणसोलीत तिच्या घरी फ्रेम करून लावलेला आहे. मला बघून ती म्हणाली, "काय गो मंदे, तुजा काम माज्या नावाला चिटकला तं चालतंय ना?" चालत होतंच. त्यांच्या हातात हात द्यायची वेळ आली असती तर मी साच्यातच शिरले असते.

खंडेनवमीची गोष्ट याहून वरची. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करायचो. कानशी, ब्रश, साचे, भट्टी, सगळं पुसून फुलं वाहायची. हळदकुंकवाचं ताट नेहमी पुष्पाकडे. तिने जे दिसेल त्याला बोट लावत गाळाभर फेरी मारली. बाजूलाच एक तयार ट्रे वाळत होता, शरण आलेले जर्मन अधिकारी, सही करायला निघालेले. पुढच्या रांगेला तिने मनोभावे कुंकू लावलं, कपाळावर, बरोबर मधोमध. वरचं वॉर्निश ओलं होतं. कुंकू त्यात बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी पॅकिंग, कुणी बघितलं नाही.

महिन्याने साहेब हातात कागद घेऊन आले. चेहरा लाल. "गिऱ्हाईक विचारतंय, हे अधिकारी सही करायला आले होते, यांना कपाळात गोळी घालून का मारलंय?"

मी टेबलाखाली ब्रश शोधायला वाकले. पुष्पा म्हणाली, "आगो बाय! ते कुकू हाय, साहेब. खंडेनवमीचा."

"आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, आमच्याकडं पावण्याला कुकू लावतंत. दुश्मन असला तरी."

साहेबांनी खरंच तसं कळवलं आणि नवे अधिकारी बनवून पाठवले. गिऱ्हाइकाने उलट लिहिलं, एक कुंकवाचा मी ठेवून घेतो, असा कुणाकडेच नाही. त्या वर्षापासून पूजेआधी तयार माल पत्र्याखाली झाकायची पद्धत पडली.

हे सगळं हसण्यावारी गेलं, कारण गिऱ्हाईक लांब होतं. जवळ आलेलं गिऱ्हाईक मला एकदाच भेटलं, इंदूआजी.

त्या साहेबांच्या सोसायटीत, नेरूळला राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, नाकीडोळी ठसठशीत, कान जरा मोठे. एका सकाळी साहेबांच्या गाडीतून आल्या, दोन्ही टेबलांमधून हळूहळू फिरल्या आणि शिपायांकडे बघत म्हणाल्या, "यात आपली माणसं दिसत न्हाईत."

साहेब ओशाळले. "मागवत नाही हो कुणी. गेली होती लाखांनी."

"ठाऊक हाय. एक आमच्या घरचाच हुता."

मग त्या स्टुलावर बसून बोलल्या. त्यांचे वडील, घरात अजून ज्यांना तात्या म्हणतात ते, त्या युद्धात गेले तेव्हा इंदूआजी आईच्या पोटात होत्या. बोटीने गेले एवढंच घरात माहीत. कुठे गेले ते माहीत नाही. पुढे सरकारी निरोप आला, बेपत्ता. मेले असं कुणी कधी कळवलं नाही. आईने कुंकू पुसलं नाही. गावाने बोलून दाखवलं, दिरांनी सांगून बघितलं, पण ती शेवटपर्यंत लावत राहिली आणि कुंकवानेच गेली. वडिलांचा फोटो एकसुद्धा नव्हता. नातवाने इंटरनेटवर शोधलं, तर त्या नावाचे कितीतरी शिपाई निघाले, आमच्या दोन्ही टेबलांकडचे.

"आता पोरं म्हणत्यात, टाक करू," आजी म्हणाल्या. देशावरच्या घरांत देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावाने चांदीचा छोटा पत्रा पुजतात, त्याला टाक म्हणतात. तो केला म्हणजे माणूस पितरांत गेला. "त्यांचंबी खरं हाय. माझ्यामागं कोण करणार? सोनाराला सांगूनबी ठेवलंय. पण मी म्हटलं, ज्याला पितरांत घालायचं त्याचं तोंड तरी एकदा बघू दे की मला. जन्मात बघितलं न्हाई." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बायका तोंडं करत्यात म्हणं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. यावेळी रॅकपर्यंत पोचायला वेळ मिळाला नाही.

पहिलं भांडण कपड्यांवरून झालं. माझ्या टेबलाच्या बाजूला, इटलीत, आपले लोक लढले होते. पुष्पाच्या बाजूला, ब्रह्मदेशाच्या जंगलात, त्याहून जास्त. माझ्याकडे असतील तर जाड लोकरी कपडे, तिच्याकडे असतील तर हिरवे.

"माज्या टेबलावरचं हायत ते," पुष्पा म्हणाली. "जंगलात मानूस हरवतं. बर्फात कसा हरवंल? पांढऱ्यावर दिसतंच की."

मी म्हटलं, "इटलीत सगळीकडे बर्फ नसतो." एवढं बोलून मला घाम आला.

आजी दोघींकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ते मला न्हाई ठाऊक. आई एवढंच सांगायची, उंबऱ्यातनं गेलं तवा खाकी हाफ पँट हुती आणि पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या." मग साहेबांनीच तोड काढली. कुठे पोचले ते माहीत नसेल तर घरातून निघाले तसे करू. तसा एक जुना साचा होता. उभा शिपाई, खाकी, पायाला पट्ट्या, एका हातात बंदूक टेकवलेली.

राहिलं तोंड. आजी म्हणाल्या, "आई म्हणायची, इंदे, तुझं तोंड बापाचं. कान, हनवटी, डोळं, समदं त्येंचं. माझं काय म्हणून घेतलं न्हाईस." आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "घे. बघ."

आता माझी फजिती समजून घ्या. मी आयुष्यात हजारो तोंडं रंगवली, पण जिवंत माणसाच्या तोंडाकडे धड बघितलेलं नाही. बोलतानासुद्धा मी समोरच्याच्या बटणाकडे बघते. आमच्या ह्यांच्या डाव्या गालावर तीळ आहे हे मला लग्नानंतर सूनबाईने सांगितलं, आमच्या मुलाच्या लग्नानंतर. मी आजींच्या साडीच्या काठाकडे बघत बसले. काठ सुंदर होता.

"अगं वर बघ की. मी काय खातीय व्हय तुला?"

मी हनुवटीपर्यंत आले.

"आनकी वर."

पुष्पा पलीकडून म्हणाली, "आजी, तिला जरा येल द्या. नाकापत्तर कधी येतंय ते बगू."

शेवटी मी स्वतःला समजावलं. मंदे, हे माणूस नाही, हा नमुना आहे. नमुना म्हणजे देव. तसं म्हटल्यावर जमलं. आजी बसल्या आणि मी बघितलं. कान, हनुवटी, डोळ्यांचे कोपरे, वरच्या ओठाची वळणं. इतकं बघितलं की आजी गेल्यावरही दिसत राहिल्या. त्या पुन्हा दोनदा येऊन बसल्या. बसल्या की आईच्या गोष्टी सांगायच्या. मी बोलत नव्हते, पण ऐकत होते. चांगल्या नमुन्यासारख्या त्या हलत मात्र नव्हत्या.

पुट्टी आणि सुईने मी कान मोठे केले, हनुवटी बसवली. मग भिंगाच्या दिव्याखाली रंग. मला आजवर इतकं जमलं नव्हतं. एकेक रेघ समोर होती तशी उतरत गेली. एकच अडचण आली, मिशी. ती काही आजींना नव्हती. तिथे मला डोकं चालवावं लागलं. टोपीखाली कानाशी मी केस पांढरे केले होते, आजींचे होते तसे, तर मिशी काळी कशी शोभेल? मी मिशी करडी केली. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

आजी येणार त्या दिवशी सकाळी मी भिंग बाजूला केलं आणि झाकणावरचा शिपाई टेबलाच्या कडेला ठेवला. पुष्पा डबा ठेवायला आली. बघितलं. वाकून बघितलं.

"आगो मंदे," ती म्हणाली, "यो तं रिटायर झालाय!"

मी बघितलं. खाकी हाफ पँट, पायाला पट्ट्या, आणि त्यावर ऐंशी वर्षांचा म्हातारा. डोळ्यांखाली पिशव्या, गालाला घड्या, गळ्याची कातडी लोंबलेली, सगळं हुबेहूब. विशीतला पोरगा घरातून निघाला होता आणि मी त्याला पोरीएवढा म्हातारा करून उभा केला होता. भिंगातून सुरकुती दिसते, वय दिसत नाही.

साहेब आले, बघितलं, आणि खुर्चीत बसले. "मंदाताई, नमुना म्हणजे देव, पण देवाचं वय तरी विचारायचं होतं."

"मी परत करते. आजच करते."

"त्या निघाल्यात रिक्षाने. सांगू, सोमवारी या. झाकून ठेवा तोवर."

झाकायला पत्रा शोधेपर्यंत आजी दारात होत्या. एकट्याच. चांगली जरीची साडी नेसलेल्या, हातात पिशवी, पिशवीत निवद दाखवायचा डबा. पुष्पा त्यांच्या आडवी उभी राहिली. "आजी, पानी घ्या आधी. लय ऊन हाय."

"पाणी मागनं. कुठाय?"

आजींनी टेबलाशी येऊन चष्मा सारखा केला आणि झाकण दोन्ही हातांत उचललं. गाळ्यात कानशीसुद्धा थांबल्या.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तर म्हातारं झाल्यात."

"चूक झाली," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघून केलं... सगळं केलं. मी पुसते. पुन्हा तरणे करते. द्या इकडे."

मी हात पुढे केला. आजींनी झाकण छातीशी घेतलं.

"का पुसतीस? किती वर्सं झाली. व्हणारच की म्हातारं." त्यांनी परत बघितलं. मिशीला अगदी हलकं बोट लावलं. "घरी आलं असतं तर असंच दिसलं असतं न्हवं? असंच सोप्यात बसलं असतं. आई भाकऱ्या थापत आणि हे मिशीला पीळ देत." आणि पुढे म्हणाल्या, "आई म्हणत हुतीच, येत्याल म्हणून. समदी वेडी म्हणत हुती तिला."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. पुष्पाने नाक ओढलं.

आजी म्हणाल्या, "एक करशील का बाई? ती बंदूक काढता येईल?"

"काढता येईल. पण हात मोकळा राहील, मूठ वळलेली."

"ऱ्हाऊ दे. एवढं ओझं कशाला आता या वयात."

मीच करवतीने बंदूक कापली, कानशीने घासलं, तिथे रंग लावला. ते एक काम मात्र माझ्याकडून नीट झालं. पुष्पा म्हणाली, "आजी, त्या मुठीत काठी देऊ का? तारंची करून लावते मी."

"नको. मी हाय की धरायला."

खोक्यात कापूस घालून आडवं ठेवायची आमची पद्धत. आजींनी ऐकलं नाही. रंग ओला होता, म्हणून झाकणासकट उभंच हातात धरलं. साहेब त्यांना गाडीने सोडायला निघाले, तेव्हा त्यांनी दारात थांबून साहेबांच्याच फोनवरून मुलाला फोन लावला. त्या मोठ्याने बोलायच्या, सगळ्यांना ऐकू आलं.

"विनू, त्या सोनाराला न्हाई म्हणून सांग... अरं काही झालं न्हाई मला. रडत न्हाई मी. तू ऐक. तात्या घरी येत्यात. हां, तात्या. तुम्ही जेवू नगा अजून, थांबा. आम्ही आलोच."